आर्विडला सांगू नका

कॅम्परच्या कोपऱ्यावरच्या पट्टीचा शेवटचा स्क्रू निघाला आणि आर्विड नायगार्डने शिवी हासडली. पट्टी हातात आली होती. तिच्यामागे, पत्र्याच्या दोन कडा जिथे भेटतात तिथे, पांढुरक्या रबरासारखा एक लांब पट्टा चिकटलेला होता. त्याने तो नखाने ओढून पाहिला. पट्टा ताणला गेला आणि सुटताच परत जागेवर जाऊन बसला.

"सिलिकॉन," तो म्हणाला.

शिडीखाली त्याची मुलगी जनीन कॉफीचा मग घेऊन उभी होती. "असं म्हणतोयस जसं काही कुणी गेलं."

"कुणीतरी सिलिकॉन लावलंय. माझ्या कॅम्परला!"

जनीनने भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. पाटी आर्विडने स्वतः रंगवली होती: 'सिलिकॉन लावून आणलेल्या कॅम्परला आधी शिव्या, मग दुरुस्ती.' तिने कॉफीचा घोट घेतला.

आर्विडची एकतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत रंधायंत्रं चालू ठेवण्यात गेली. गिरणी बंद पडली तेव्हा त्याने घरामागचं गवताचं कोठार रिकामं केलं आणि लोकांचे जुने कॅम्पर दुरुस्त करायला घेतले. पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवायची ही एवढीशी खोली. आत चूल, टेबल, ट्रकच्या टपावर पुढे आलेला पलंग. वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आतून लाकडी सांगाडा. ट्रकवरून उतरवली की चार जॅकवर चौरंगासारखी उभी राहते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या असल्या खोल्या अमेरिकेतल्या आयडाहोच्या उत्तरेकडच्या निम्म्या घरांमागे उभ्या असतात, आणि त्यांतल्या निम्म्या आतून कुजलेल्या असतात. दर पावसाळ्याआधी कुणीतरी भला माणूस शिडी लावतो, सांध्यांवर सिलिकॉनची नळी रिकामी करतो आणि हात पुसत खाली उतरतो. त्यावर मग दुसरं काही चिकटत नाही. शिवाय कुठून तरी आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाटही उरत नाही. खरी रीत अशी: सांध्याला करड्या रंगाची चिकट पट्टी लावायची, ती कधी सुकून कडक होत नाही. स्क्रू आवळले की जादा चिकटा बाहेर येतो तो कापायचा, आणि आठवड्याने ऊन खाल्ल्यावर स्क्रू पुन्हा आवळायचे. आर्विड हे गिऱ्हाइकांना इतक्या वेळा सांगायचा, की काही जण त्याच्या आधीच म्हणून दाखवायचे.

हा हिरव्या पट्ट्याचा कॅम्पर मात्र गिऱ्हाइकाचा नव्हता. सहासष्ट सालची बनावट. आर्विड आणि लव्हॉनने तो लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात घेतला, आणि त्यानंतरचा प्रत्येक ऑक्टोबर नदीच्या वरच्या अंगाला, एल्क हरणांच्या शिकारीच्या मुक्कामावर, त्यात काढला. फेब्रुवारीत लव्हॉनला पक्षाघात झाला. उजवा हात गेला, पाय अर्धा परत आला, आणि शब्द मात्र विस्कटले. 'हो' म्हणायला जावं तर कधी 'हो' येई, कधी 'नाही'. शिव्या तेवढ्या स्वच्छ, खणखणीत यायच्या.

जूनमध्ये आर्विडने तिला विचारलं होतं, "कॅम्पर विकायचा का?"

"हो," ती म्हणाली होती.

त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. जनीनने फोटो टाकले, आणि येत्या शनिवारी बॉइझीहून एक तरुण जोडपं बघायला येणार होतं. पुढच्या कोपऱ्यात थोडी गळती होती, ती तेवढी काढून द्यायची होती.

"बाबा, नुसतं वरून बंद करून टाक ना," जनीन म्हणाली. "तेच लोक पुढे उघडतील."

"मी असलं काम करत नाही हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणून तर सोमवारीच आले आठवण करून द्यायला."

ती घरात गेली. आर्विडने पत्रा एका बाजूने सोडवला आणि पुस्तकाच्या पानासारखा वळवून दोरीने बांधला. कोपऱ्याचा खांब खालून हातभर काळा पडला होता. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर केकमध्ये जावा तसा आत गेला. वरचं लाकूड मात्र कोरडं, पिवळं, ठणठणीत होतं. तिथे पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं होतं.

लिहिलेलं असण्यात नवल नव्हतं. ती आर्विडचीच पद्धत. भिंत उघडली की ती बंद करण्याआधी आतल्या लाकडावर नाव, तारीख आणि हवा लिहायची. पुढे कधी कुणी उघडलं तर त्याला कळावं की आपल्याआधी इथे कोण होतं. पण हे अक्षर त्याचं नव्हतं. त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला.

'लव्हॉन. १९ ऑक्टोबर १९९१. बर्फ. आर्विडला ताप. आर्विडला सांगू नका.'

त्याने ते दोनदा वाचलं.

मग त्याने सवयीने पाण्याचा माग काढला. कुजट डाग खांबावरून वर जात नव्हता. तो आडव्या फळीवरून आला होता, आणि फळीवर पुढच्या खिडकीतून. ती खिडकी त्याने स्वतः बसवली होती, अठ्ठ्याऐंशी साली, मुक्कामाला निघायच्या आदल्या दिवशी. स्क्रूवर बोट फिरवलं तर तीन ढिले होते. आठवड्याने ते पुन्हा आवळायचे राहिले होते, आणि मग कायमचेच राहिले. पाणी त्याच्या खिडकीतून आत आलं होतं. तिच्या सिलिकॉनने त्याला बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

तो घरात गेला तेव्हा लव्हॉन स्वयंपाकघरात टेबलाशी बसून डाव्या हाताने हकलबेरीची देठं काढत होती. एक फळ वाटीत, एक तोंडात.

"एक्क्याण्णव साली," आर्विड दारातूनच म्हणाला, "मला ताप आला होता. वर मुक्कामावर. आठवतं?"

लव्हॉनने वर पाहिलं.

"आणि बर्फात शिडी लावून, पत्रा उचकटून कुणीतरी माझ्या कॅम्परला सिलिकॉन फासलं."

लव्हॉनच्या तोंडाची डावी बाजू हळूहळू वर गेली. उजवी जागेवरच राहिली. मग ती हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत, आणि वाटी कलंडली.

"टपाटप गळत होतं तुझ्या तोंडावर," जनीन भांडी विसळता विसळता म्हणाली. "एकशे तीन ताप आणि वरून गार पाणी. दुकानात तेवढं एकच मिळालं. मी टॉर्च धरला होता."

आर्विड गर्रकन वळला. "तू होतीस?"

"दहा वर्षांची होते."

"आणि बत्तीस वर्षं बोलली नाहीस?"

"लिहिलंय ना तिथे? आर्विडला सांगू नका म्हणून."

"शब्दाला पक्की आहे कार्टी," आर्विड म्हणाला. तो खुर्चीत बसला आणि टेबलावरची घरंगळलेली फळं गोळा करू लागला. "खिडकी माझी गळत होती, लव्हॉन. स्क्रू मी आवळले नव्हते."

"हो," लव्हॉन म्हणाली. या वेळी ते बरोबर आलं होतं. निदान त्याला तसं वाटलं.

फळं गोळा करता करता तो थांबला. जूनमधला तो 'हो' कुठला होता?

त्याने विचारलं. जनीनने बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी दिलेली दोन कार्डं आणली, एकावर 'हो', एकावर 'नाही'. "आई, शनिवारी कॅम्पर द्यायचा का? बोट ठेव." लव्हॉनने 'हो'वर बोट ठेवलं, उचललं, 'नाही'वर ठेवलं, दोन्ही कार्डांकडे रागाने पाहिलं आणि हाताच्या फटक्यासरशी ती जमिनीवर पाडली.

"खड्ड्यात जा!" ती म्हणाली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

"तिला म्हणायचंय की..." आर्विडने सुरुवात केली.

"बाबा. बाईंनी काय सांगितलंय? तिचं बोलणं तू पुरं करायचं नाहीस. थांबायचं."

"थांबतोच आहे मी."

"तू तिच्या स्वेटरची बटणंसुद्धा लावून टाकतोस."

पुढचे तीन दिवस आर्विड काम करत राहिला, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. आख्खा खांब बदलणं सोपं होतं. त्याने तसं केलं नाही. लिहिलेला भाग ठेवला, त्याच्याखाली लाकूड तिरकं कापलं, फरच्या लाकडाच्या नव्या तुकड्याला तसाच उतार दिला आणि दोन्ही चिकटवून शिकंज्यात आवळले. जोड सुकल्यावर त्यावरून अंगठा फिरवला. कुठे जुनं संपलं ते बोटाला कळलं नाही. खिडकी काढली, नवी चिकट पट्टी घालून बसवली. सिलिकॉन पातीने खरवडायला पुरती दुपार गेली. सबंध वेळ तो शिव्या देत होता, पण त्यात जोर नव्हता.

गुरुवारी पत्रा परत वळवण्याआधी त्याने लव्हॉनला कोठारात आणलं. खुर्ची शिडीपाशी ठेवली, खांबाच्या खालच्या नव्या लाकडाशी तिचा हात पोचेल अशी. त्याने आधी लिहिलं: 'आर्विड. २१ सप्टेंबर. ऊन. कळलं.' मग पेन्सिल तिच्या डाव्या हातात दिली.

ती फार वेळ लाकडाकडे पाहत राहिली. आर्विडचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा त्याने तो खिशात घातला. शेवटी तिने एक उभी रेघ ओढली, थरथरती, आणि तिच्या पायाशी एक आडवी. तिच्या नावाचं पहिलं अक्षर, इंग्रजी एल. मग वर, स्वतःच्या जुन्या 'सांगू नका'कडे, पेन्सिलीनेच दाखवलं आणि पुन्हा खांदे हलवून हसली.

तो काय समजला हे त्याने कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारी त्याने पट्टी बसवली, स्क्रू आवळले, आणि कोठाराच्या दारावर खडूने लिहिलं: 'आठवड्याने पुन्हा.'

शनिवारी ऊन स्वच्छ पडलं होतं. बघायला येणाऱ्यांना कॅम्पर ट्रकवर चढवलेलाच दाखवावा असं ठरलं होतं. चार जॅकवर उभ्या खोलीच्या पोटाखाली ट्रक मागे घ्यायचा, दोन्ही अंगांना दोन बोटांची जागा ठेवून. मागे उभं राहून कुणीतरी दाखवत राहावं लागतं. त्या कामात या भागातली कित्येक लग्नं मोडता मोडता राहिली आहेत. आर्विडला मागे उभं राहणारं माणूस सेहेचाळीस वर्षांत कधी बदलावं लागलं नव्हतं.

आज जनीन उभी राहिली.

"डावीकडे! नाही, माझ्या डावीकडे! अरे थांब, थांब!"

"नक्की काय करू? थांबू की वळू?"

"ओरडू नकोस माझ्यावर, मी रोज शाळेच्या बसमधून चाळीस पोरं नेते!"

"मागे बघत नेतेस का?"

तिसऱ्या खेपेला ट्रकची कड जॅकपासून नखभर अंतरावर थांबली. जॅक सरकला असता तर खोली कोसळली असती. आर्विडने इंजिन चालू ठेवलं आणि कपाळाचा घाम पुसला. तेवढ्यात आरशात घराचं दार उघडलेलं दिसलं.

लव्हॉन काठी टेकत पायऱ्या उतरत होती. खांद्यावर पिवळ्या चौकटीचं भांडी पुसायचं फडकं होतं. जनीन धावली तशी तिने काठी उगारली; जनीन जागच्या जागी थांबली. कॅम्परच्या मागे, जरा डाव्या अंगाला, आरशाच्या बरोबर मध्यावर येऊन ती उभी राहिली. ती जागा तिने शोधली नाही. तिथे ती आपसूक पोचली. काठी तिने जॅकला टेकवून ठेवली आणि डाव्या हातात फडकं घेतलं.

फडकं इकडे. आर्विडने चाक वळवलं. फडकं सरळ. तो हळूहळू मागे आला. फडकं तिकडे, जेमतेम. शब्दांनी तिची केलेली गंमत हाताला ठाऊकच नव्हती. हौद्याची कड खोलीच्या पोटाखाली शिरली, दोन बोटं या बाजूला, दोन त्या बाजूला. मग फडकं तिच्या मुठीत गोळा झालं.

आर्विडने ब्रेक दाबला. कॅम्परचा मागचा काठ ट्रकला जिथे टेकायचा तिथेच होता.

त्याने आणि जनीनने मिळून चारही जॅक उतरवले. खोली एकदा करकरली आणि ट्रकच्या पाठीवर बसली. हात पुसत तो वळला तर लव्हॉन घराकडे गेलेली नव्हती. ती ट्रकला धरून धरून पुढे आली होती. शेजारच्या सीटचं दार तिने उघडलं. वर चढायला तिला वेळ लागला. आधी चांगला पाय, मग दुसरा, मग वरच्या कडीला धरून सगळी ती. दार तिने ओढून घेतलं.

कोठाराच्या मागच्या वळणावर धूळ उठली. एक निळी गाडी सावकाश येत होती, पाट्या वाचत.

"आले ते," जनीन म्हणाली. तिचं लक्ष ट्रकच्या काचेकडे होतं. "बाबा, मी काय सांगू त्यांना?"

"सांग, जागा गेली. गाडीत माणूस बसलंय." आर्विडने टोपी नीट केली. "आणि चहा-केक दे त्यांना, एवढ्या लांबून आलीत पोरं. म्हणावं, तुमच्यासाठी दुसरा बघतो. नीट करून देतो."

"पहाटे चार वाजता उठून आलेत ते."

"मग केकचे दोन तुकडे दे."

तो ट्रकमध्ये बसला. लव्हॉनने फडकं काचेपाशी ठेवलं होतं. डाव्या हाताने तिने उजव्या खांद्यामागचा पट्टा शोधला, ओढला, आणि कमरेपाशी आणला. पट्ट्याचं टोक खाचेच्या बाजूला आपटलं. तिने पुन्हा नेम धरला. पुन्हा चुकलं.

आर्विडने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर पाहत राहिला. कोठाराच्या दारावर त्याचंच खडूचं अक्षर होतं. निळी गाडी येऊन थांबली, दारं वाजली, जनीनचा मोकळा आवाज आला. तो हलला नाही.

शेजारी खट्ट झालं.