मास्तर मुरगूडला गेलेत

श्रुतीच्या धाकट्या नणंदेचं, प्रीतीचं, लग्न झालं ते साल दोन हजार दोन. त्या लग्नातले कंदील अजून पुष्कळांच्या आठवणीत असतील. निळ्या आणि पांढऱ्या कागदाचे, ताटाएवढे, मांडवभर टांगलेले. नवरीच्या थोरल्या भावानं, संघर्षनं, आणि त्याच्या बायकोनं, श्रुतीनं, महिनाभर बसून ते केले होते. पंगतीतल्या बायका घास हातात धरून वर बघत होत्या. जाताना पावण्यांनी निम्मे कंदील काढून नेले, तरी संघर्ष नुसता हसत उभा होता.

ती गोष्ट मे महिन्यातली. पुढच्या संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात होता, तेव्हा संघर्ष गेला. छापखान्यात कागद कापायच्या मशिनीपाशी त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. वय बेचाळीस.

राजारामपुरीतल्या त्यांच्या घराच्या बाहेरच्या खोलीत चौऱ्याण्णव सालापासून कागदकामाचा क्लास चालायचा. खोलीत सतरंजी, तिच्यावर फळ्या, आणि डोक्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या दोऱ्या. ओलं काम त्या दोऱ्यांवर वाळत घालायचं. कापणं संघर्षचं आणि चिकटवणं, शिकवणं श्रुतीचं. तो दिवसभर छापखान्यात कागद कापायचा आणि घरी येऊन पुन्हा कागदच कापायचा. बोलायचा कमी, पण मुलं मास्तर म्हणायची ती त्यालाच.

सातव्या दिवसाचा कार्यक्रम झाला. भंतेजी गेले, पाहुणे पांगले. श्रुतीच्या गळ्यातल्या मंगळसूत्राला कुणी हात लावला नाही. सासू तानूबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं, "ऱ्हाऊ दे गळ्यात. आपल्यात ते काढायचं न्हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. कुणा मुलाची आई होती. क्लास कधी सुरू होणार, मास्तर आहेत का, असं विचारत होती.

श्रुती म्हणाली, "मुरगूडला गेलेत."

मुरगूड तिचं माहेर. तिथं तिचा भाऊ जोतीराम शेती बघतो. आपण असं काही बोलू, हे तिच्या मनातही नव्हतं. पलीकडची बाई बरं बरं म्हणाली आणि फोन बंद झाला. इतकं सोपं होतं ते.

गल्लीतल्यांना सगळं ठाऊकच होतं. त्यांना काही सांगायची पाळी आली नाही. पण लांबून फोन करणारे होते, बाजारातले कागदवाले होते, क्लासला येणाऱ्या मुलांचे आईबाप होते. त्या सगळ्यांसाठी मास्तर मुरगूडला गेले. संघर्ष वारला, हे दोन शब्द तिच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. निघतील तेव्हा काय होईल हे तिला माहीत नव्हतं, आणि ते बघायचंही नव्हतं.

रडू तिला आलं नाही. जानेवारीत नाही आणि नंतरही नाही. प्रीती सासरहून आली, गळ्यात पडून रडली. "वहिनी, रड की गं, मोकळी हो," म्हणाली. श्रुतीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. आपण एखाद्या गादीवरून हात फिरवतोय, असं तिला वाटलं. खळीत दिवसभर हात असला की बोटांवर तिचा पापुद्रा धरतो आणि मग गरम-गार काही नीट कळत नाही. तसं सगळंच झालं होतं. भाकरी खाल्लेली कळायची, चव कळायची नाही.

फेब्रुवारीत तिनं क्लास सुरू केला. कापायचंही आता तीच कापू लागली.

तानूबाई आतल्या खोलीच्या उंबऱ्यात बसून सगळं ऐकायच्या. आतल्या भिंतीवर संघर्षचा फोटो होता, पण क्लासची मुलं आत जात नसत. मार्चमध्ये एकदा पुन्हा तसाच फोन आला, श्रुतीनं पुन्हा तेच सांगितलं, आणि तानूबाईंच्यानं राहवलं नाही.

"किती दिवस सासुरवाडीला ठिवणार हाईस माझ्या लेकाला?"

श्रुती फळीवरचे कागद सारखे करू लागली.

"लोकं म्हणतील की, कांबळ्याचा पोरगा घरजावई झाला. जित्तेपणी दोन रात्री ऱ्हायला न्हाय कधी तिथं. अंथरूण टोचतंय म्हणायचा."

"आत्ती, चहा टाकू का?"

"टाक. आणि मुरगूडलाबी पाठव कपभर."

श्रुतीनं चहा टाकला. सासूचं बोलणं लागायला हवं होतं, पण लागलं नाही. तानूबाई चहा प्यायल्या आणि त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांचीही तीच गत होती. लेक गेल्याचं त्यांनीही कुणाला आपल्या तोंडानं सांगितलं नव्हतं. त्या फक्त वाट बघत होत्या, पहिल्यांदा कोण बोलतंय याची.

एप्रिल उजाडला. त्या वर्षी चौदा तारखेला आंबेडकर जयंती आणि लगेच दुसऱ्या दिवशी महावीर जयंती. रुकडीचे आप्पासो मगदूम दर साली महावीर जयंतीच्या आधीच्या रविवारी गावच्या जैन पाठशाळेतली मुलं घेऊन यायचे. मुलं दिवसभर बसून पताका करायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. वर्षातून एकदा येणारा माणूस. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

त्यांचा फोन आला. "वैनी, मगदूम बोलतोय. रविवारी पोरं आणतोय. मास्तर हायत न्हवं?"

"मुरगूडला गेलेत."

"आता? जयंतीच्या तोंडावर? बरं, येतील की तवर."

"या तुम्ही," श्रुती म्हणाली.

आठवडाभर ती गल्लीच्या मंडळाच्या, आंबेडकर जयंतीच्या पंचशील पताका कापत होती. संघर्षची एक रीत होती. कात्रीला तो हात लावायचा नाही. पाच रंगांचे कागद एकावर एक रचायचा, वर लोखंडी पट्टी दाबून धरायचा आणि धारदार सुरीनं एका ओढीत पाचही कापायचा. मग पट्ट्या रंगांच्या क्रमानंच सुटायच्या. त्यांची जुडी बांधली की चिकटवणाऱ्यानं विचार करायचा नाही, वरची पट्टी उचलायची आणि लावायची. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी. श्रुतीनं तीच रीत धरली. रचायचं, दाबायचं, ओढायचं. हात चालले होते आणि हात चालताना डोक्यात काही नव्हतं, म्हणून ती थांबलीच नाही. मंडळाच्या जुड्या झाल्या, आणि त्याच ओघात शनिवारी पाठशाळेच्याही झाल्या.

रविवारी सकाळी जीप आली. मुलांनी चपला दारात रांगेत काढल्या. पाण्याच्या बाटल्या आणि चिरमुऱ्याचे डबे त्यांनी घरूनच आणले होते. आप्पासोंनी पातेल्यात डोकावून विचारलं, "वैनी, खळीत मोरचूद न्हाय न्हवं घातलं?"

"नाही घातलं. तुमची खळ वेगळी शिजवलीय."

मोरचूद घातलं की कागदाला कीड लागत नाही, पण ते खाऊन किडा मरतो. म्हणून या मुलांसाठी संघर्ष दर साली वेगळी खळ शिजवायचा. ते श्रुतीच्या बरोबर ध्यानात राहिलं होतं.

"मास्तर न्हाय आलं अजून?"

"नाही."

"ह्यो माणूस सासऱ्याच्या शेतात नांगर धरून बसला का काय!" आप्पासो मोठ्यानं हसले. उंबऱ्यातून तानूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. "काय आक्का, बरं हाय न्हवं?"

"हाय," तानूबाई म्हणाल्या.

आप्पासो बाजाराला गेले. श्रुतीनं मुलांना बसवलं, जुड्या वाटल्या. पट्टीला खळ कशी लावायची, बोटानं मधून बाहेर कशी सारायची, कडेला चिकटपणा राहिला तर कापडानं कसा टिपायचा, हे सगळं तिनं नेहमीच्या आवाजात सांगितलं. आप्पासोंची नात अपूर्वा जुडी सोडून थोडा वेळ रंगांकडे बघत बसली. काहीतरी विचारावं असं तिला वाटलं असणार. पण बाईंनी दिलंय म्हणजे बरोबरच असेल, असं धरून तीही कामाला लागली. दुपारपर्यंत दोऱ्या भरल्या. खोलीत पताकांचं छप्पर झालं.

आप्पासो परत आले ते पिशवी दारातच ठेवून वर बघत उभे राहिले.

"वैनी."

"काय?"

"ह्या तुमच्या पताका हायत. आमच्या कुठायत?"

श्रुतीनं वर बघितलं. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी. जैनांच्या झेंड्यातही पाच रंग. चार तेच, पण क्रम निराळा, आणि केशरी नाही, हिरवा. नऊ वर्षं ती या पताका चिकटवत आली होती. तिला दिसतही होतं की हिरवा नाही, आणि तरी आतून काही हललं नाही. चुकलं, एवढंच कळलं.

अपूर्वा म्हणाली, "मला वाटलंच होतं, आजोबा."

"मग तोंड काय भाड्यानं दिलंतंस व्हय?" आप्पासो तिच्यावर डाफरले, आणि मग हसायलाच लागले. "आता परवा रथाच्या म्होरं ह्या लावून फिरलो, तर गाव म्हणंल मगदुमानं धर्म बदलला. असू दे वैनी, असू दे. खळ वली हाय अजून, पट्ट्या सुटतील. चारी रंग हायतच. नुसता हिरवा कागद काढा."

श्रुती कपाटाकडे गेली. फळीवर हिरवा नव्हता. खालच्या फळीवरही नव्हता. हिरवा फक्त याच कामाला लागायचा आणि तो आणायचा, ठेवायचा संघर्ष. कुठं ठेवायचा ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

"सापडत नाही," ती म्हणाली.

"मास्तरास्नी ठावं असंल की. लावा फोन मुरगूडला."

ती पुन्हा खालची फळी चाचपू लागली.

"आवं लावा की. दिवस मावळायच्या आत पोरांनी घरी जाऊन जेवाय पायजे."

श्रुतीनं फोन उचलला आणि खरंच मुरगूडचा नंबर फिरवला. तिनं तसं का केलं हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही. नंबर बोटांना पाठ होता, बोटं फिरली. पलीकडे जोतीरामनं उचलला.

"ताई? बोल की. ताई, बरी हाईस न्हवं?"

आप्पासोंनी तिच्या हातातून फोन घेतला. "हॅलो, कोण? जोतीराम? रामराम पावणं. रुकडीचा मगदूम बोलतोय. जरा मास्तरास्नी द्या फोन. हिरवा कागद कुठं ठिवलाय एवढंच इचारायचं हाय."

आप्पासोंनी भुवया आक्रसल्या. "हॅलो? आवं संघर्ष मास्तर. तुमचं दाजी."

तानूबाई उंबऱ्यातून उठल्या होत्या. मुलं पट्ट्या सोडवायची थांबली होती. आता जोतीराम सांगणार, हे श्रुतीला कळलं. तो मुरगुडातून सांगणार, तारेतून, आणि ते या माणसाच्या कानात पडणार. ते त्यानं सांगायचं नव्हतं. तिनं हात पुढं करून फोन काढून घेतला आणि ठेवून दिला.

"आप्पा, ते मुरगूडला नाहीत."

"मग?"

तिनं आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. आप्पासोही बघू लागले, आणि तानूबाई दारातून बाजूला झाल्या. भिंतीवरचा फोटो आणि फोटोखालची पांढरी फुलं बाहेरून दिसली.

आप्पासोंनी टोपी काढली आणि ते खाली सतरंजीवर मुलांमध्येच बसले. मग म्हणाले, "आणि म्या आल्यापास्नं फिदीफिदी हासतोय. थोबाड फोडायचं की माझं, वैनी."

"तुम्हाला काय माहीत, आप्पा."

तानूबाई आत गेल्या. गादी उचलल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर हिरव्या कागदाची चवड होती. एकही कोपरा दुमडलेला नव्हता.

"माझ्या गादीखाली ठिवतो त्यो दर साली. गुंडाळी करून ठिवला की कागद वाकतो म्हणायचा. ह्या साली संक्रांतीआधीच आणून ठिवला."

"आत्ती, तुम्हाला माहीत होतं तर..."

"म्या काढला आस्ता, तर माझा ल्योक कुठं हाय ते मला सांगाय लागलं आस्तं." तानूबाईंनी चवड फळीवर ठेवली. "तीन म्हैनं झोपतोय त्याच्यावर. घे, काप."

श्रुती खाली बसली. हिरव्या कागदावर पट्टी दाबली, सुरी ओढली. मुलं पट्ट्या हळूहळू सोडवून नव्या क्रमानं लावत होती, केशरी बाजूला ठेवत होती, आप्पासोही सोडवत होते. काही वेगळं वाटेल म्हणून ती वाट बघत होती, पण तसं काही झालं नाही. कागद कापला जात होता तेवढा आवाज होता. पोटात भूक आहे, एवढं मात्र बऱ्याच दिवसांनी तिला कळलं.

उन्हं उतरायच्या आत काम झालं. ओल्या पताका मुलांनी काठ्यांवर टांगून जीपमध्ये धरल्या. आप्पासो दोनदा वळून परत आले, दोन्ही वेळा नुसते हात जोडून गेले.

खोली झाडायला घेतली तेव्हा फोन वाजला. कुणी नवीनच माणूस होता. सुट्टीतल्या शिबिराची चौकशी करत होता. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, मास्तरांशीच बोलतो ना एकदा, ते आहेत का घरात?

तानूबाई केशरी पट्ट्या गोळा करत होत्या. त्यांचा हात थांबला.

"नाहीत," श्रुती म्हणाली. "संघर्ष कांबळे वारले. यंदाच्या वीस जानेवारीला, सोमवारी."