तारांकित प्रश्न क्रमांक अकरा

पोपटराव साहेबांना कागद तळाकडून वाचायची खोड होती. उत्तराच्या शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे तीन शब्द दिसले, की साहेबांचं पेन चाललंच म्हणून समजा. बावीस वर्षांची नोकरी त्यांनी अशीच काढली, आणि खरं सांगायचं तर कधी काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते यंदा.

विधानसभेत विरोधी बाकावरच्या एका आमदारानं तारांकित प्रश्न लावला. भीमेपल्याड, दौंड तालुक्यातल्या बोरमळ्याच्या वस्तीवर पाण्याची टाकी बांधून दोन वर्षं झाली, पण तिच्यात थेंबभर पाणी चढलं नाही, हे खरे आहे काय? असल्यास चौकशी केली काय? कारवाई कोणती केली? नसल्यास विलंबाची कारणे काय?

उत्तर द्यायचं मंत्र्यांनी, सभागृहात तोंडी. पण मंत्री काय बोरमळ्याला आले होते थोडेच! उत्तर खालून वर जातं. ते लिहायचं काम आलं शिरूरच्या पाणीपुरवठा कचेरीतल्या राजश्रीवर; नदीपल्याडची ही वस्तीही त्याच कचेरीकडं होती. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. आणि टाकीचं काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही होती तिच्याच कचेरीच्या पोपटराव साहेबांची.

“हे खरे नाही, असं लिहा,” साहेब म्हणाले. “फारच जड जात असेल तर ‘अंशतः खरे आहे’ म्हणा. टाकी उभी हाय ना? मग? आणि तुम्हाला नोकरीत कायम करायचा अहवाल माझ्याच हातनं जायचाय, तेवढं ध्यानात असू द्या.”

राजश्री बोरमळ्याला गेली. प्रश्नासाठी आमदाराचे उंबरे झिजवणारे कोंडिबा आबा शिडी धरून खाली उभे राहिले. ती वर चढली आणि आत डोकावली. टाकीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या आणि पारव्यांची घरटी होती. ती खाली उतरल्यावर आबांनी एवढंच विचारलं, “काय लिवनार, ताई?” ती कचेरीत परत आली.

मग तिनं बसून लिहिलं. एक, हे खरे आहे. दोन, मुख्य वाहिनीची जोडणी झालेली नसल्याचे पाहणीत आढळले. तीन, चाळीस दिवसांत जोडणी करण्याचे आदेश प्रस्तावित आहेत. आणि चौथ्या भागाला, रिवाजाप्रमाणे, प्रश्न उद्भवत नाही. कागद तिनं साहेबांपुढं केला. आता साहेब फाडून खाणार. साहेबांनी तळ बघितला, सही ठोकली आणि वर “शाब्बास” म्हणाले. ‘वरचंही वाचा, साहेब’ असं तिच्या तोंडाशी आलं होतं. ते तिनं गिळलं. कागद वर गेला.

प्रश्नाचा दिवस उजाडला. छापील उत्तरांची यादी सकाळीच तिच्या मोबाइलवर आली; तिनं ती कागदावर काढून जवळ ठेवली. वरच्यांनी एक शब्दही बदलला नव्हता. अकरा वाजता साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि कामकाजाचं थेट प्रक्षेपण लावलं. बोरमळ्याचा प्रश्न अकरावा. पाच झाले, सहा झाले. सातव्यावर रान पेटलं. विरोधक अध्यक्षांच्या आसनासमोर उतरले, घोषणा सुरू झाल्या, कामकाज दोनदा थांबलं. बारा वाजले आणि प्रश्नोत्तराचा तास संपला.

“सुटलो,” साहेब म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप उचलला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

“जय भीम, ताई. कोंडिबा बोलतोय. समदी वस्ती मोबाइलला डोळं लावून बसली व्हती. आपला नंबर न्हाईच आला. आता कवा, फुडच्या अधिवेशनात? तवर मी असंन-नसंन.”

राजश्री साहेबांसमोर उभी होती. ‘बघू, आबा’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. झाकली मूठ राहिली असती, नोकरीही राहिली असती. ते ‘बघू’ तिच्या जिभेवर आलंसुद्धा, आणि तिला स्वतःचीच चीड आली.

“आबा, नंबर आला नाही तरी लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवलं असं धरतात. आता ते सभागृहाचं झालं. माझ्याकडं छापील आहे, वाचते.”

“वाचा, वाचा,” साहेब हसून म्हणाले. “कळू दे त्यांना एकदाचं.”

“एक,” तिनं वाचलं. “हे खरे आहे.”

साहेबांचा कप बशीत आदळला. ती थांबली नाही. वाहिनीचं वाचलं, चाळीस दिवसांचं वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

“सही कुणाची हाय त्याच्यावर?” साहेबांनी हलकेच विचारलं.

“खालून गेलेल्या कागदावर तुमची, साहेब. लिहिलंय मी.”

साहेबांचा चेहरा उतरला. मग त्यांनी फोनसाठी हात पुढं केला.

“ताई,” आबा म्हणाले, “आवाज मोठा केलाय. बाया कडंला हायती, त्यास्नी पयलं वाक्य नीट ऐकू आलं न्हाई. ते तेवढं पुन्यांदा वाचा.”

साहेबांचा हात तसाच पुढं होता. राजश्री एक पाऊल मागं सरली आणि तिनं पहिलं वाक्य पुन्हा वाचलं.