उंबरठा नसलेला चाप

मी एक जुनी बंदूक आहे. कमरेला लावून हिंडायची, तळहाताहून जरा मोठी. पिस्तूल म्हणा हवे तर. हॉइट टॅकेट यांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात मी पडून असते. माझे तोंड दाराकडे आहे. माझ्या पोटातून एक पिवळी पट्टी ओवलेली आहे, त्यामुळे आता मी कोणाला काही करू शकत नाही. मित्रांनो, म्हणूनच तर निवांतपणे बोलते आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाच्या कांबीतून मला कापले, पोखरले, घासले. माणसाच्या बाळाला जन्मल्याबरोबर रडवतात. मला जन्मल्याबरोबर झाडले, तेही नेहमीपेक्षा जास्त दारू भरलेली गोळी घालून. जी फुटत नाही तीच पुढे जाते. माझी पहिली आठवण आगीची आहे. मी फुटले नाही, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

मला घेतले व्हर्नाबाईंनी. बेअर्ड फोर्क गावात त्यांचे गुराढोरांच्या खाद्याचे दुकान होते. पेंड, कोंबड्यांचा भरडा, कुंपणाची तार आणि मागच्या भिंतीला एक कुलूपबंद कपाट. त्यात जनावरांची औषधे असत. गुंगीची औषधे नशेसाठी माणसांनाही लागत, आणि ती माणसे दुकानात गिऱ्हाईक म्हणून येत नसत. एका भर दुपारी तोंडाला फडकी बांधलेले दोघे आले. त्यांनी फावड्याच्या दांड्याने व्हर्नाबाईंच्या गालाचे हाड मोडले, केस धरून त्यांना फरफटत कपाटापर्यंत नेले आणि किल्ली काढून घेतली. फरशीवरचे रक्त व्हर्नाबाईंनी नंतर स्वतःच लाकडाचा भुसा टाकून झाडले. नवरा डेल्मर चार वर्षांपूर्वी वारला होता. गालात धातूची पट्टी बसली, टाके निघाले, आणि त्याच आठवड्यात मी त्यांच्या कमरेला आले.

हॉइट हे त्यांचे दीर. पंचक्रोशीतल्या बंदुका दुरुस्तीला त्यांच्याकडेच येत. दुकानामागच्या उतारावर टिनाच्या ताटल्या टांगून त्यांनी वहिनींना शिकवले.

"वहिनी, चापाची पहिली ओढ सैल असते. मग तो एका जागी अडतो. तो उंबरठा. तिथं थांबायचं."

"थांबून काय करायचं? प्रार्थना म्हणायची?"

"स्वतःला विचारायचं, खरंच? उत्तर 'हो' आलं, तरच ओलांडायचं."

"आणि तोवर समोरच्यानं माझा दुसरा गाल फोडला तर?"

"मग उत्तर लवकर येईल."

व्हर्नाबाई हसल्या. हसल्या की त्यांचा मोडलेला गाल एका बाजूला ओढला जाई. दोन हिवाळे त्या बोटाला हेच वळण लावत राहिल्या. उंबरठ्यापर्यंत जायचे, थांबायचे, विचारायचे. माझा चाप जड होता, पण मी सांगते, तो जडपणा माझे शहाणपण होते.

पुढे त्यांच्या बोटांत संधिवात शिरला. सांधे सुपारीएवढे सुजले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आणि माझ्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा छोटा उंचवटा, त्यांना दिसेनासा झाला. तशातच एका सकाळी एका मोकाट कुत्र्याने त्यांच्या वासराची मान धरली. त्यांनी मला काढले, नेम धरला. पण उंबरठ्याच्या पुढे चाप ओढताना सगळा पंजा थरथरला आणि गोळी खाली गेली. कुत्र्याचा जबडा उडाला. ते मेले नाही. लोंबणारा जबडा घेऊन ते गोल गोल फिरत ओरडत राहिले. तीन गोळ्या लागल्या त्याला शांत करायला. वासरूही वाचले नाही. व्हर्नाबाई चिखलात बसल्या आणि मला मांडीवर ठेवून म्हणाल्या, "माणूस असता तर मी आज मेले असते."

त्यांचा भाचा कॉय हे ऐकून धावत आला. भावाचा मुलगा, तिशीचा, नेमबाजीच्या स्पर्धांत बक्षिसे मिळवणारा. हॉइट यांच्या दुकानातल्या फळीवर मला मध्ये ठेवून तिघांची सभा भरली.

"आत्या, हे बघ," कॉयने एक चौकोनी काच काढली. "हिच्या पाठीवर ही काच बसवायची. तिच्यात लाल ठिपका दिसतो. ठिपका जिथं, गोळी तिथं."

"हा दूरदर्शनचा संच मी कमरेला लावून हिंडू? बातम्यापण लागतात का त्याच्यावर?"

"लागतील. 'बेअर्ड फोर्कमध्ये हट्टी म्हातारी' म्हणून."

"काच घामानं धुरकटते. वहिनीला साधी माशी बसवू," हॉइट म्हणाले. "पुढं अंधारातही चमकणारा हिरवा मणी, भोवती नारिंगी कडं. मागची खाच मात्र काळी, कोरी. डोळ्याला एकच गोष्ट दिसली पाहिजे."

माशीबद्दल सगळ्यांचे एकमत झाले. तो हिरवा मणी बसला तेव्हा मला डोळा फुटल्यासारखे वाटले. व्हर्नाबाईंनी मला भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोखले आणि म्हणाल्या, "अगं बाई, दिसतंय की!" माझ्या आयुष्यातले ते सर्वांत गोड कौतुक.

चापावरून मात्र भांडण झाले.

"स्प्रिंग बदल ना, काका. साडेपाच पौंडांची ओढ तीनवर येईल. मधली ती अडही जाईल. माझ्या पिस्तुलाला तेच आहे."

"तू ताटल्यांवर झाडतोस. ताटली कधी हात वर करत नाही." हॉइट यांनी हातातली कानस खाली ठेवली. "कमरेच्या बंदुकीचा चाप खडूस म्हाताऱ्यासारखा असावा. दोनदा सांगितल्याशिवाय हलू नये."

"आणि तिच्या बोटांचं काय? कुत्र्याचं काय झालं, पाहिलंत ना? पुढच्या वेळी तिला गाडाल आणि थडग्यावर लिहाल, 'चाप मात्र जड होता'!"

पण हॉइट यांनी चापाला हातही लावला नाही. तेव्हा कॉयने टपालाने स्प्रिंग मागवली आणि मक्याची भाकरी व घेवड्याची आमटी खाऊन झाल्यावर आत्याच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला उघडले. त्याचे हात सफाईदार होते. काम चोख झाले. उंबरठा गेला.

मग सराव झाला. कॉय म्हणे "हं!" आणि आत्या झाडत. ताटलीमागून ताटली वाजे. गोळ्या नेमक्या मध्यभागी. कॉय टाळ्या पिटायचा, आत्या त्या सुजल्या बोटाचा मुका घ्यायच्या. मलाही वाटे, आता मी खरी कामाची झाले. पण मित्रांनो, त्या सरावात एक गोष्ट कोणाच्याही ध्यानात आली नाही. प्रत्येक वेळी चाप ओढला की गोळी सुटायचीच होती. थांबायचा सराव कोणीच केला नाही. बोट अजूनही आधी अर्ध्यावर येऊन विचारणारच होते. फक्त आता अर्ध्यावर विचारायला जागा नव्हती.

ऑक्टोबरातला एक मंगळवार होता. व्हर्नाबाई जेवणाचा डबा घेऊन मागच्या खोलीत गेल्या, तर लायमन प्रिकेट औषधांच्या कपाटाला पहार लावून उभा. लायमनला मी ओळखत होते. कुंपणे घालायचा, आमच्याकडूनच तार न्यायचा. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत ओळख नव्हती. त्याने पहार फिरवली. व्हर्नाबाईंचा डावा हात कोपराखाली मोडला. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. डबा उडाला. त्यांनी उजव्या हाताने मला ओढले. हिरवा मणी लायमनच्या छातीवर स्थिरावला, अगदी शिकवल्याप्रमाणे.

लायमनने मला पाहिले. पहार त्याच्या हातातून पडली. त्याने दोन्ही हात वर केले, तळवे उघडे. त्यावर तारेचे ओरखडे होते.

"नको, मावशी. मी... मी जातो. नको."

व्हर्नाबाईंचे बोट सैल ओढीतून पुढे सरकले, विचारायला.

मी सुटले.

गोळी छातीच्या हाडातून आरपार जाऊन भरड्याच्या पोत्यात शिरली. लायमन पोत्यांवर बसला, जसा कोणी दमून बसतो. त्याने छातीवर हात दाबला, तर बोटांमधून रक्त उसळून बाहेर आले. त्याने आश्चर्याने व्हर्नाबाईंकडे पाहिले. फुटलेल्या पोत्यातून पिवळा भरडा त्याच्या खांद्यावर सांडत राहिला आणि तांबडा होत गेला. व्हर्नाबाई मला टाकून गुडघ्यांवर आल्या, एका हाताने ती जखम दाबत राहिल्या. "मी विचारत होते, लायमन," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "अरे, मी अजून विचारत होते." लोक आले तेव्हा तो कधीच गेला होता.

कोर्टात मी टेबलावर होते, गळ्यात चिठ्ठी बांधलेली. गाव सगळे व्हर्नाबाईंच्या बाजूने होते. मोडलेला हात होता, पहार होती, जुना मोडका गाल होता. वकिलाने त्यांना एकच वाक्य पढवले होते. सुनावणीआधी माझ्या टेबलाशी वाकून कॉयनेही तेच विनवले.

"आत्या, एवढंच म्हण. जिवाची भीती वाटली म्हणून मी झाडली. संध्याकाळी घरी असशील. चुकून सुटली म्हणालीस, तर स्वसंरक्षण राहत नाही, गुन्हा होतो. समजतंय ना?"

"समजतंय, बाळा."

"मग?"

व्हर्नाबाई पहिल्या बाकाकडे पाहत होत्या. तिथे आयव्हा प्रिकेट बसली होती, लायमनची आई, मांडीवर पर्स घट्ट धरून. तिला सगळ्यांनी सांगितले होते की तिचा मुलगा एका म्हातारीला ठार मारताना मेला.

शपथ झाली. वकिलाने विचारले, आपण गोळी का झाडली?

"मी झाडली नाही," व्हर्नाबाई म्हणाल्या. "माझ्या बोटानं झाडली. माझं अजून ठरलं नव्हतं."

वकील घाईने मध्ये बोलू लागला. त्यांनी मोडका हात झोळीतून किंचित उचलून त्याला थांबवले आणि बाकाकडे वळल्या.

"आयव्हा, त्यानं पहार टाकली होती. हात वर केले होते. मला मावशी म्हणाला. तो जातोच म्हणत होता. तुला हे कोणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते."

आयव्हाच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्या जबडा तुटलेल्या कुत्र्यानंतर पहिल्यांदाच ऐकला. मागे कॉय उभा राहिला आणि ओरडला, "स्प्रिंग मी बदलली! हे माझं काम आहे!" पण शिक्षा ज्याच्या बोटाखाली चाप होता त्याला होते. व्हर्नाबाईंना तीन वर्षे तुरुंगवास झाला.

मी अनेक वर्षे एका खोक्यात काढली. पुढे कायदेशीर कागद करून मला हॉइट यांच्या हवाली केले गेले. त्यांनी सर्वांत आधी माझी जुनी स्प्रिंग परत बसवली. ती काढलेली नवी स्प्रिंग माझ्याशेजारी बाटलीच्या झाकणात ठेवली आहे. कोणी चाप हलका करून मागायला आला की हॉइट त्याला आधी माझ्यापाशी आणतात आणि कॉयला हाक मारतात. कॉय आता इथेच काम करतो. सगळी हकिकत तोच सांगतो. दर वेळी. कोणी त्याला तशी शिक्षा दिलेली नाही.

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. कुठे माझ्यासारखी कोणी उघड्यावर पडलेली दिसली, तर हात लावू नका. मागे सरा आणि मोठ्या माणसाला बोलवा. आणि मोठे व्हाल तेव्हा, माझ्यासारखी वस्तू हाती घ्यायची वेळ आलीच, तर झाडण्याच्या दहापट सराव थांबण्याचा करा. वस्तूला वेग देणे सोपे आहे. थांबायची जागा मात्र राखावी लागते, ती आपोआप उरत नाही.

दर मंगळवारी दुपारी व्हर्नाबाई कॉयचा डबा घेऊन येतात. आत येत नाहीत. दाराबाहेरच्या बाकावर बसतात. कधी कधी आयव्हाही येऊन शेजारी बसते. दोघी कॉफी पितात. मला काचेतून व्हर्नाबाईंचा उजवा हात दिसतो. कपाचा कान धरताना ते सुजलेले बोट अर्ध्यावर येते आणि थांबते. बराच वेळ तसेच थांबते. मग आयव्हा तो कप हळूच धरून व्हर्नाबाईंच्या ओठांपर्यंत नेते.