पोटाखालचा गंज

मी एक जुनी मिनी मोटारगाडी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझ्या रंगावर जाऊ नका. रंग छानच आहे. फिकट निळी काया, पांढरं छप्पर, तोंड दिसेल अशी चकाकी. त्या रंगाला सात चषक मिळालेत. मला मात्र गेली चौदा वर्षं एक भीती पोटात घेऊन जगावं लागलं, आणि ती भीती ह्या रंगामुळेच कुणाला दिसली नाही.

माझा जन्म १९६४ सालचा, बर्मिंगहॅमच्या दक्षिण टोकाला, लाँगब्रिजच्या कारखान्यातला. माझी जात त्याहून पाच वर्षांनी थोरली. ती जन्मली टंचाईतून. सुएझचा कालवा बंद पडला, पेट्रोल मोजूनमापून मिळायला लागलं, आणि मोठ्या गाड्या मिरवणारे साहेब गॅरेजमध्ये हात चोळत बसले. तेव्हा कुठे कुणाला सुचलं, की गरीब माणसालाही बायकापोरांना घेऊन जाता येईल अशी छोटी गाडी करावी. इंजिन आडवं बसवलं. गिअरची पेटी त्याच्याच पोटाखाली कोंबली. चाकं दहा इंची, तीही चार कोपऱ्यांत ढकलली. स्प्रिंगांऐवजी रबराचे जाड ठोकळे लावले. दार आतून उघडायला चक्क एक दोरी! कुणी त्याला अक्कल म्हणतं, कुणी कंजूषपणा. मी म्हणते, दोन्ही होतं. पण दहा फुटांच्या डब्यात चार माणसं, एक कुत्रा आणि जेवणाची टोपली मावली, हे खोटं नाही.

आणि लोक वेडे झाले. ह्या देशात माणसाने तोंड उघडलं की दुसऱ्या शब्दाला त्याची समाजातली पायरी ओळखतात. पण माझ्यात बसलेल्या माणसाची पायरी कुणाला ओळखता येईना. पाद्री माझ्यात, सुईण माझ्यात, लॉर्डाचा पोरगा माझ्यात, आणि त्याच्या बागेचा माळीही माझ्यातच. बर्फातल्या घाटाच्या शर्यतीत माझ्या बहिणींनी दुप्पट आकाराच्या गाड्यांना मागे टाकलं. तेव्हापासून कौतुक सुरू झालं, ते अजून थांबलेलं नाही. रस्त्यात थांबवून लोक टपावर थाप मारतात आणि म्हणतात, ''आमच्याकडेही होती हो एक!'' तिचं पुढे काय केलंत, असं मला विचारावंसं वाटतं. गंजवून भंगारात दिलीत, दुसरं काय.

माझा पहिला मालक विल्फ ट्रँटर. त्याच कारखान्यात पत्रे जोडणारा वेल्डर. माझ्या अंगाचे कुठले सांधे कच्चे आहेत हे त्याला पाठ होतं, कारण तसे सांधे तो दिवसाला शेकड्याने जोडायचा. पाऊस लागला की माझ्या नाकातून पाणी शिरायचं आणि ठिणगीच्या तारा भिजून मी भर चौकात बंद पडायची. विल्फने त्यावर बायकोचा भांडी घासायचा रबरी हातमोजा चढवला, प्रत्येक बोटातून एकेक तार ओवून. बेरिल, त्याची बायको, खिडकीतून ओरडली, ''आणि भांडी काय मी आता नुसत्या हाताने घासू? आण तो मोजा इकडे!'' मोजा गेला तो गेलाच. पुढच्या आठवड्यात तिने दोन जोड आणले, एक तिचा आणि एक माझा.

ह्या देशात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ जमू नये म्हणून. ते मीठ माझ्या पोटाला चिकटतं आणि आतून खातं. विल्फ दर मार्चला थंडीत ओल्या जमिनीवर पाठ टेकून झोपायचा आणि नळीने माझं पोट धुवायचा. बेरिल चहाचा पेला घेऊन उभी राहायची. म्हणायची, ''मला कधी इतकं निरखून पाहिलं नाहीस तू.''

''तू गंजत नाहीस,'' विल्फ खालून म्हणायचा.

''कुणी सांगितलं?''

असे दिवस होते. विल्फ गेला, आणि मी त्याच्या मुलाकडे आले. क्लाइव्हकडे.

क्लाइव्ह वाईट माणूस नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल. तोही त्याच कारखान्यात होता, पण रंगखात्यात. तीस वर्षं त्याने पत्र्यावर रंग चढवला. बाप पत्रा बघायचा, मुलगा चकाकी बघायचा. मग २००५ साली कारखाना बंद झाला. हजारो माणसं एका आठवड्यात घरी बसली. जिथे माझे सांधे जोडले गेले तिथे आता दुकानं आहेत, आणि लोक ढकलगाडीत केळी घालून फिरतात. क्लाइव्हजवळ त्या सगळ्यातलं एकच उरलं, ते म्हणजे मी. म्हणून त्याने मला घासलं, पुसलं, मेण लावलं, प्रदर्शनांत उभं केलं. परीक्षक यायचे, वाकून माझ्या दारात स्वतःचं तोंड बघायचे आणि चषक द्यायचे. गुडघे टेकून खाली बघितलेला परीक्षक मला आठवत नाही.

खाली बघणारा एकच होता. डेझमंड पिनॉक. इथे गाडीची दरवर्षी सरकारी तपासणी होते. ती करणाऱ्या गॅरेजांपैकी एक पिनॉकचं. हातात छोटी हातोडी घेऊन तो माझ्या पोटाखाली टकटक करत फिरायचा, डॉक्टर छाती वाजवून बघतात तसा. २०१० साली त्याची हातोडी मागच्या बाजूला थांबली. मागची दोन्ही चाकं ज्या लोखंडी चौकटीवर असतात, ती चौकट माझ्या अंगाला जिथे जोडली आहे, तिथे.

''नापास,'' पिनॉक म्हणाला.

''बरा आहेस ना?'' क्लाइव्ह म्हणाला. ''कालच चषक मिळालाय हिला.''

''मग चषकात बसून जा घरी. ही नाही जायची.''

क्लाइव्हचा चेहरा उतरला. दुरुस्ती म्हणजे मला पूर्ण उघडणं, अर्धं अंग कापणं, आणि इतका जपलेला रंग जाळणं. त्याने ते केलं नाही. घरी येऊन त्याने माझ्या भोकांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वर पुट्टी थापली आणि त्यावर डांबरासारखा जाड काळा लेप दिला. मग मला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गॅरेजात नेलं. तिथल्या माणसाने बॅटरीचा झोत मारला, सगळीकडे छान काळं दिसलं, आणि मी पास झाले. दरवर्षी तसंच. कागदाला पुट्टीने धरलेलं, पुट्टीला लेपाने, आणि लेपाला माझ्या नशिबाने.

तरी तपासणी होती, तोवर आशा होती. वाटायचं, यंदा एखादा जोरात ठोकेल. मग २०१८ साली नियम आला, की चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना तपासणीतून सूट. मालक म्हणजे हौशी लोक, ते काळजी घेतातच, असं सरकारचं म्हणणं. क्लाइव्हने त्या दिवशी माझ्या टपाला रेशमी फीत बांधली. ''सन्मान आहे हा,'' तो शेजाऱ्याला म्हणाला. मित्रांनो, साठीच्या माणसाला डॉक्टरने दार बंद करून सांगावं की आता तुम्ही यायची गरज नाही, त्याला तुम्ही सन्मान म्हणाल? आता माझ्या पोटाखाली कायद्यानेही कुणी बघणार नव्हतं.

यंदा मला साठ वर्षं पूर्ण झाली. आमच्या मिनीवाल्यांच्या मंडळाने ठरवलं की जूनमध्ये सगळ्या मिन्यांनी रांगेने वेस्टनच्या समुद्रावर जायचं. बर्मिंगहॅमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच समुद्रावर जातात. जाताना शंभर मैल, तेही वाहत्या महामार्गाने. क्लाइव्हची मुलगी लोर्ना चालवणार, तो शेजारी बसणार, आणि मागच्या सीटवर लोर्नाची सात वर्षांची एडी. मागच्या सीटवर! त्या सीटचा पट्टा क्लाइव्हने मागाहून बसवलेला. तो ज्या पत्र्याला बांधलाय तोच पत्रा कुजलेला. तिच्या पाठीखाली काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

मला जे करता येतं ते मी केलं. आदल्या रविवारी लोर्ना मला टेकडीवर फिरवायला घेऊन गेली, तेव्हा प्रत्येक वळणावर मी मागून 'कट्' असा आवाज काढला. ब्रेक लावला की माझी मागची बाजू किंचित डावीकडे सरकायची. ती लपवायचं मी बंद केलं. लोर्ना सुईण आहे. कान देऊन ऐकणं हेच तिचं काम.

''बाबा, हे काय वाजतंय?''

''मिनी आहे ती. मिनी वाजतेच.''

''आजोबांच्या वेळी नव्हती वाजत. मी त्याच सीटवर वाढले.''

''तुला आठवतंय कसलं? तू तर झोपायचीस!'' क्लाइव्हने रेडिओ मोठा केला.

''पिनॉककाकांना दाखवूया का एकदा?''

''त्याचं नाव काढू नकोस माझ्यासमोर. आणि तपासणी माफ आहे हिला. सरकारने माफ केलीय.''

''सरकारने माफ केलीय म्हणजे बरी झालीय का?''

त्या आठवड्यात त्याने मला दोनदा मेण लावलं. मेणाच्या प्रत्येक हाताबरोबर माझा जीव खालीवर होत होता. हा माणूस घाबरलाय हे मला कळत होतं. घाबरला की तो पुसतो.

शनिवार उजाडला. गल्लीच्या तोंडाला आठ-नऊ मिन्या लागल्या, भोंगे वाजायला लागले. एडी उडी मारून मागे बसली आणि पट्टा लावला. खट्. सँडविचचा डबा तिच्या मांडीवर. लोर्ना चावी हातात घेऊन दाराशी उभी राहिली, पण बसली नाही.

''बाबा, एकच काम कर,'' ती म्हणाली. ''खाली जाऊन बघ. बघून वर ये आणि मला सांग, ठीक आहे. बस. मी निघते.''

''आत्ता? हे कपडे घालून?''

''आजोबा झोपायचे चिखलात.''

''सगळे थांबलेत, लोर्ना!''

''थांबू देत. मला पिनॉक नको, कागद नको. तुझा शब्द दे. तुझ्या शब्दावर मी माझ्या पोरीला मागे बसवून शंभर मैल नेईन.''

रांगेतून कुणीतरी ओरडलं, ''क्लाइव्ह, काय रे, म्हातारी रुसली का?'' सगळे हसले.

क्लाइव्हने एक पुठ्ठा आणून जमिनीवर टाकला आणि खाली सरकला. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्याचं तोंड माझ्या पोटापासून वीतभर अंतरावर आलं. समोर त्याचाच लेप होता, गुळगुळीत, काळा, एक डाग नसलेला. रंगखात्यातला तो, काम उत्तमच केलं होतं. त्याला फक्त बाहेर येऊन दोन शब्द बोलायचे होते. ते दोन शब्द खोटे आहेत हे दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. आणि मी बोलू शकत नव्हते. माझ्या साठ वर्षांत मी इतकी कधी घाबरले नव्हते.

त्याने बोटाच्या पेराने लेपावर ठोकलं. टण् व्हायला हवं होतं. भद् झालं. त्याने बाजूला ठोकलं. भद्. वर एडीने पाय हलवले आणि सीटखालून मातीसारखा लाल भुगा त्याच्या गालावर पडला.

तो बाहेर आला. गाल पुसला नाही. मागचा पट्टा त्याने स्वतःच्या हाताने काढला.

''एडी, बाळा, बाहेर ये.''

''आजोबा, समुद्र?''

''बाहेर ये आधी.'' मग लोर्नाकडे न बघता म्हणाला, ''मीच भरलंय ते. कागद आणि पुट्टी. चौदा वर्षं झाली.''

लोर्नाने त्याला शिवी दिली. ती मी इथे लिहीत नाही, पण बरोबर जागी दिलेली होती. मग तिने एडीला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. बाकीच्या मिन्या भोंगे वाजवत निघून गेल्या.

सोमवारी मला ट्रकवर चढवून पिनॉककडे नेलं. तो आता म्हातारा दिसतो. त्याने मला उचलून धरलं आणि स्क्रूड्रायव्हर लेपाला लावला. जोर न लावता तो मुठीपर्यंत आत गेला. बोळा बाहेर आला, पिवळा, घोड्यांच्या शर्यतीचं पान.

''ह्यातला कुठला घोडा जिंकला?'' पिनॉकने विचारलं.

''एकही नाही,'' क्लाइव्ह म्हणाला.

''महामार्गावर हिची मागची चाकं वेगळी झाली असती. माहितेय ना?''

''माहितेय.''

''मग रडायचं तर बाहेर जाऊन रड. इथे माझं काम चाललंय. आणि रडून झालं की तो दुसरा कामाचा कोट घाल, मला पत्रा धरायला माणूस हवाय.''

आज मी त्याच्या गॅरेजच्या कोपऱ्यात चार ठोकळ्यांवर उभी आहे. मागची चौकट निघाली, अर्धा तळ कापला, निळा रंग कमरेपर्यंत जळाला. सगळं कापून झाल्यावर जोडण्याइतका चांगला पत्रा उरतो की नाही, हे पिनॉकलाही अजून सांगता येत नाही. तो मान हलवतो आणि पुढचा तुकडा कापतो. मला भीती वाटते. कदाचित मी पुन्हा रस्त्यावर येईन, कदाचित नाही.

पण मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं जुनं काही असेल, गाडी असो, जिना असो, झोपाळा असो, त्याचं कौतुक करू नका. कौतुकाला काही पैसे पडत नाहीत. कपडे खराब करून खाली जा आणि ठोकून बघा. जे दिसेल ते मोठ्याने सांगा, मग सगळी रांग तुमच्यासाठी थांबलेली असली तरी चालेल. क्लाइव्हने ते चौदा वर्षं उशिरा केलं, आणि तरी एडी निघायच्या आधी केलं. त्या दिवशी समुद्र हुकला म्हणून ती संध्याकाळपर्यंत फुगून बसली होती, असं लोर्ना सांगत होती. फुगून बसू दे. धडधाकट बसली तर होती.