लाल दिव्यावरचं कुंकू

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. अंगावर बोटभर धूळ आहे, काचेला तडा आहे आणि पाठीमागे पालीने संसार थाटलाय, हे मलाही ठाऊक आहे. पण एके काळी शहापूरजवळच्या एका कारखान्याचा अख्खा कारभार माझ्या डोक्यात होता. मी बोटाने चालणारा संगणक. वय वर्षे नऊ. तुमच्यात नऊ म्हणजे पोरवय, आमच्या जातीत मात्र ते म्हातारपण.

आमच्या कारखान्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लागणारे हुक बनत. लोखंड तापवायचं, ठोकायचं, हुकावर लॉटचा नंबर उमटवायचा, तेलात बुडवून पाणी पाजायचं, म्हणजे कडक करायचं. किती लोखंड आलं, किती हुक झाले, कोणता लॉट कोणत्या दुकानात गेला, सगळं मी सांगायचो. आणि सर्वांत मोठं काम म्हणजे माझ्या काचेतच वरच्या कडेला उमटणारा रुपयाएवढा दिवा. सगळा माल तपासणीत पास असेल तर तो हिरवा. एक जरी लॉट नापास होऊन अडकला असेल तर लाल. त्यावर बोट ठेवलं की मी लॉटचा नंबर दाखवायचो.

मी आलो त्या दिवशी स्टोअरकीपर धनीराम माझ्यावर खार खाऊन होता. वीस वर्षं त्याने जाड वह्यांत माल लिहिला होता. "हे डब्बं मले शिकवन का?" असं तो मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. पण माणूस मनाचा सरळ. एका बोटाने, जीभ दाताखाली धरून, तो मला वापरायला शिकला. वर्षभरात असा लळा लागला की निघताना स्वतःच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याने माझी काच पुसायचा. मालक हिरालाल शेठ पाहुण्यांना हात धरून माझ्यापुढे आणायचे. काय सांगू, तेव्हा मी फार मिजाशीत होतो!

मग आमचं काम वाढलं आणि माझं बोलणं लोकांना जड होऊ लागलं. लाल दिवा लागला की मी भोंगा वाजवायचो. कटकट नको म्हणून कुणीतरी त्याची वायर काढली. लाल लॉटची पावती मी निघूच देत नसे. गाड्या खोळंबतात म्हणून शेठने तेही कुलूप माझ्यातून काढून घेतलं. "दिवा दिसते ना सगळ्याईले? मंग झालं तर," असं त्यांचं म्हणणं. उरला फक्त दिवा.

तपासणीला खुशबू होती. आयटीआय शिकलेली, तोंडाने फटकळ, कामाला चोख. गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने लॉट एकशे अठराचा एक हुक यंत्रात दाबला आणि तो खाडकन मोडला. पाणी जास्त पाजलं गेलं होतं. लोखंड कडक झालं, पण ठिसूळ. तिने माझ्यात लॉट नापास म्हणून नोंदवला. दिवा लाल झाला. धनीराम तेव्हा पूजेचं सामान आणायला गेला होता. एवढ्यावर न थांबता तिने माझ्या पत्र्याच्या कपाळावर एक कागदही चिकटवला: लाल दिवा असताना माल हलवू नये. मग ती सणाला गावी गेली.

दसऱ्याला सगळी यंत्रं बंद करून पूजा होते. मीही बंद होतो, काच काळीठिक्कर. धनीरामने अंघोळ करून, टोपी घालून, भट्टीपासून पूजेला सुरुवात केली. दरवर्षी तो माझ्या पत्र्यावर कुंकू लावायचा. यंदा तिथे खुशबूचा कागद. लेखी सूचना खराब होऊ नये म्हणून त्याने अंगठा जरा खाली घेतला आणि ओलं कुंकू काचेवर लावलं. वर दोन अक्षता. मला हात जोडले. मित्रांनो, एवढ्या मायेने माझी पूजा कधीच कुणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मला चालू केलं तेव्हा दिवा बरोबर त्या कुंकवाखाली लागला. लालाखाली लाल. धनीरामने पाहिलं, त्याला आपलंच कुंकू दिसलं. पूजेचं कुंकू पुसायचं नाही, ते आपोआप झडू द्यायचं, ही तिथली रीत. त्याने त्याला बोट लावलं नाही. एकशे अठराचे चाळीस हुक रॅकवर तयार होते. एकोणचाळीस दुकानांना गेले. चाळिसावा त्याने स्वतः उचलला. त्याच्या गावच्या, आसगावच्या भैय्यालालच्या ट्रॉलीचा हुक झिजला होता. "आमच्या कारखान्याचा लाव अन् बिनधास्त राह्य," असं त्याने फोनवर सांगितलेलं मी ऐकलं. माझ्यात नोंदही प्रामाणिकपणे केली: नग एक, धनीराम, आसगाव. रविवारी तो हुक पिशवीत घालून घरी गेला.

मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. याचा मला आजही संताप येतो.

मंगळवारी सकाळी खुशबू आली. रॅकपाशी गेली आणि तशीच माझ्याकडे धावत आली.

"काका, एकशे अठराचा माल कुठं गेला?"

"गेला ना दुकानाईत. काहून?"

"नापास होता तो! दिवा नाही पाह्यला?"

धनीरामने माझ्याकडे बोट केलं. खुशबूने नखाने कुंकू खरवडलं. खालचा दिवा तसाच लाल होता. धनीरामने हातातला चहा खाली ठेवला आणि खिशातून फोन काढला.

मग म्हणाला, "भैय्यालाल बायाईले ट्रॉलीत बसवून धान कापाले नेते. आमची रुखमाही जाते."

रुखमा म्हणजे त्याची बायको. ती गावीच राहायची, तिच्याकडे फोन नव्हता. भैय्यालालला त्याने सात वेळा फोन लावला. वाजत राहिला. आठव्यांदा न लावता तो मोटारसायकलवर बसला. आसगाव दीड तासावर. इकडे खुशबूने माझ्यातली यादी काढून दुकानांना फोन लावायला घेतले.

पुढचं मी पाहिलं नाही, चहाच्या सुट्टीत ऐकलं. धनीराम पोचला तेव्हा तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, माणसं गोळा झाली होती. चढावर हुक मोडला आणि भरलेली ट्रॉली मागे घरंगळली. बाकीच्या बायांनी उड्या मारल्या. रुखमा मागच्या कडेला बसली होती. ती ट्रॉलीखाली आली आणि तिथेच गेली.

दोन दिवसांत सदतीस हुक परत आले. एक तर आसगावलाच मोडला होता. दोन मात्र रोखीने विकले गेलेले, कुणाच्या ट्रॉलीला लागले ते दुकानदारालाही आठवेना. ते दोन हुक शोधायचे होते, मित्रांनो. रोज कुठेतरी कुणाच्या तरी बाया, लेकरं त्यांच्या भरवशावर बसत होती.

आणि शेठला सुचलं काय? लाल दिवा हिरवा करायचा. तो करायची मुभा खुशबू आणि धनीराम या दोघांनाच होती. खुशबू म्हणाली, "मी नाही करत, शेठ. मले काढायचं तर काढा." मग तेरवी आटोपून धनीराम आला. डोकं भादरलेलं, गाल आत गेलेले. शेठ त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

"उद्या चौकशीवाले येऊन राहिले. मागची तारीख टाकून लॉट पास कर. तुह्याच भल्यासाठी सांगतो, नाही तर सगळं तुह्यावर येईन."

"अन् ते दोन हुक, शेठ? पास केला तर त्याईले कोण शोधन?"

शेठ खांद्यावरचा हात काढून बाहेर गेले.

धनीराम माझ्यापुढे येऊन बसला. कुंकवाचा अर्धा डाग अजून काचेवर होता. त्याने दुपट्टा ओला केला आणि तो डाग पुसला. पूजेचं कुंकू त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा पुसलं असेल. मग एका बोटाने, जीभ दाताखाली धरून, शेऱ्याच्या जागी लिहिलं: "दिवा लाल होता. कुंकू मी लावले. माल मी पाठवला. दोन हुक बाहेर आहेत. धनीराम." लॉट त्याने लालच ठेवला. जाताना माझी काच पुन्हा एकदा पुसली.

त्याची नोकरी गेली. खुशबूचीही. शेठने नवा संगणक आणला आणि मला या गोदामात टाकलं. खुशबूने मात्र माझ्यातली यादी लिहून घेतली होती. गोदामात येणारे हमाल सांगतात, ती गावोगाव फिरली, धनीराम तिच्या मागे मोटारसायकलवर. एक हुक एका खळ्यावर, ट्रॉलीला लागलेला सापडला. दुसरा अजून सापडलेला नाही.

मित्रांनो, माझी पूजा करा असं मी कुणाला म्हणणार नाही. यंत्र काय सांगतंय ते पाहायला त्याची काच पुसा, आणि त्याचा भोंगा कानाला टोचला तरी वायर काढू नका. आणखी एक काम करा. तुम्ही ट्रॉलीत बसाल, लग्नाला जाल, जत्रेला जाल, तेव्हा चढण्याआधी खाली वाकून हुकावरचा ठोकलेला नंबर वाचा. एकशे अठरा असेल तर चढू नका, आणि कुणाला चढूही देऊ नका. आसगावला धनीरामला निरोप पाठवा. तो अजून शोधतो आहे.