मागून एक हाक

"केतकी, हात जरा आवर गं. पोरं तुझं इंग्रजी शिकेनात, तुझे हात शिकायला लागलीत."

वसुधाबाईंनी हे सांगितलं तेव्हा शाळा सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. बाई वडगावातल्या त्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्ती जवळ आलेली, चष्मा कायम कपाळावर. केतकीनं मान डोलावली, "हो बाई" म्हटलं आणि वर्गात जाऊन पुन्हा दोन्ही हात पंख्यासारखे फिरवायला लागली. मनात म्हणाली, बाईंच्या काळी फळा, खडू आणि छडी. त्यांना काय कळणार कृतीतून भाषा शिकवणं!

आणि खरं सांगायचं तर केतकीचा वर्ग होताच बघण्यासारखा. पहिलीची पोरं, निम्मी विणकरांच्या घरची. घरी मराठी, गल्लीत कन्नड, टीव्हीवर हिंदी, आणि त्यावर हे इंग्रजी. पुस्तकातलं सफरचंद आणि बर्फातलं घर दाखवून त्यांना काय सांगणार? म्हणून तिनं घरच्या यंत्रमागावरच्या रिकाम्या कांड्या आणल्या, त्यांवर रंगीत सूत गुंडाळलं आणि रेड, ब्ल्यू, ग्रीन सुरू केलं. साड्यांचे उरलेले तुकडे आणून लाँग आणि शॉर्ट. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर रिक्षा, म्हैस, तवा, नळ. 'स्टँड अप' म्हणताना हात वर, 'सिट डाऊन' म्हणताना खाली, 'ड्रिंक' म्हणताना अंगठा ओठांशी. पोरं एका सुरात ओरडायची, एका झटक्यात उठायची. बाहेरून जाणारा थांबून बघायचा.

त्या एका झटक्यात उठणाऱ्यांत केतकीची स्वतःची शाल्मलीही होती. दुसऱ्या बाकावर, स्वरूपाच्या शेजारी. ही स्वरूपा म्हणजे वर्गाचा रेडिओ. झोपेतही बोलत असावी अशी. आणि शाल्मली? ऊठ म्हटलं की उठायची, लाल कांडी दाखव म्हटलं की लाल कांडी दाखवायची, पण तोंडातून इंग्रजी शब्द फुटायचा नाही. मराठीसुद्धा मोजकीच, तीही जरा बोबडी.

केतकीला सगळं दिसायचं. ती होतीच तशी. लेकीच्या ताटात किती भात उरला, गुडघ्यावर नवीन खरचटलंय का, सर्दी कुठल्या बाजूची, सगळं. शाल्मली बोलत नाही हेही तिला सगळ्यांच्या आधी दिसलं होतं. पण त्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. बी.एड.ला शिकली होती ना ती! नवी भाषा शिकणारं मूल सुरुवातीला गप्प राहतं, आतल्या आत साठवतं आणि एक दिवस बोलायला लागतं. त्याला घाई करायची नसते.

"घाई न्हाय गं, पन पोरगी पयलीत गेली," सासूबाई म्हणायच्या. ताराबाईंचं मत ठाम होतं. "एका डोक्यात तीन-तीन भाषा कोंबल्यावर आनि काय हुनार? पोरीचा पार काला केलाय तुमी."

"आई, मुलांचं डोकं काही पिशवी नव्हे फाटायला."

"व्हय व्हय, तू शिकलेली. आमी काय, सूत उकलनारी मानसं!"

सिद्धेश, केतकीचा नवरा, या वादात पडत नसे. पण एकदा जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "केतकी, मला वाटतंय तिला एक वरीस परत बालवाडीत बसवूया. सगळ्यांच्या मागं मागं पळत बसण्यापरीस बरं."

केतकीचा घास हातातच राहिला. परत बालवाडीत! जी पोर वर्गातली प्रत्येक कृती बरोबर करते तिला? एकदा मागं बसवलं की 'मठ्ठ' हा शिक्का आयुष्यभर पुसत बसा. "दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत थांबा," ती म्हणाली. "तोवर ती बोलली नाही तर तुम्ही म्हणाल तसं."

सिद्धेशनं नुसता हात वर केला. म्हणजे ठरलं.

त्या घरात बरंचसं हातांनीच चालायचं. खाली चार यंत्रमाग, वर राहायच्या खोल्या. सकाळी माग सुरू झाले की भिंतीवरची फोटोफ्रेमसुद्धा थरथरायची. अशा आवाजात बोलणार कोण आणि ऐकणार कोण? ओठांना दोन बोटं लावली की चहा. मूठ उघडून झटकली की कांडी संपली. हनुवटीला हात लावला की सासूबाई बोलावतायत. केतकी अनगोळहून लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने तिला वाटायचं, आपण मुक्यांच्या घरात पडलो. मग तिचेही हात बोलायला लागले, आणि ते हात ती शाळेतही घेऊन गेली.

आणखी एक रीत होती त्या घरात. मागावरच्या माणसाला मागून हाक मारायची नाही. दचकला, हात भलतीकडे गेला, म्हणजे बोट गेलं. समोर जायचं, दिसायचं, नाहीतर खांद्याला हात लावायचा. रांगत्या पोरापासून पाव्हण्यापर्यंत सगळ्यांना ही शिस्त. शाल्मलीला तर जन्मापासून कुणी लांबून हाक मारली नव्हती. गरजच काय? खांद्याला हात लावला की पोर वळायची, गोड हसायची.

दसरा जवळ आला. शाल्मली अजून गप्पच. वसुधाबाई एके दिवशी केतकीच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसल्या. तास संपल्यावर चष्मा कपाळावर चढवत म्हणाल्या, "छान चाललंय. आता एकदा हात मागं बांधून शिकव."

"बाई, अहो, हातवारे हा पद्धतीचा भागच आहे."

"असेल. मी कुठं नको म्हणते? पण शिडी चढायला असते, तिच्यावर संसार मांडायला नसते. पोरांना शब्द येतो का तुझा हात, हे तुला तरी ठाऊक आहे का?"

केतकीला झोंबलं. ठीक आहे, दाखवतेच, असं म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं घरून एक कोरी साडी आणली, खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत बांधली, आणि पडद्यामागं उभी राहिली. पोरांना कोण आनंद!

"टीचर, नाटक हाय काय?" भरमा ओरडला.

"नाटक नाही. मी दिसणार नाही. मी सांगीन ते करायचं. जो कानानं ऐकेल तो जिंकला."

साडीच्या फटीतून तिला वर्ग दिसत होता. "स्टँड अप," ती म्हणाली. वर्ग उठला. "टच युवर नोज." नाकाला बोटं लागली. "शो मी ग्रीन." हिरव्या कांड्या वर झाल्या. हातांशिवाय! केतकीची छाती फुगली. मागच्या बाकावर वसुधाबाईसुद्धा मान हलवत होत्या.

मग तिची नजर शाल्मलीवर गेली. शाल्मलीनं नाकाला बोट लावलं होतं, हिरवी कांडीही धरली होती. पण पुढच्या सूचनेला ती पडद्याकडे बघत नव्हती. ती स्वरूपाकडे बघत होती. स्वरूपाचा हात हलला की हिचा हलायचा, सावलीसारखा, एक पाऊल मागं.

केतकीनं साडीच्या फटीला डोळा लावला. "सिट डाऊन," ती म्हणाली. सगळे बसले. मग मराठीतच म्हणाली, "आता सगळ्यांनी डोळे मिटा." स्वरूपानं डोळे गच्च मिटले, तिचं बघून शाल्मलीनंही मिटले.

"स्टँड अप."

बाकं करकरली, सगळा वर्ग उभा राहिला. शाल्मली तेवढी बसून राहिली. डोळे मिटलेले, ओठांवर हसू, खेळ सुरू व्हायची वाट बघत.

केतकी पडद्यामागून बाहेर आली, पाय न वाजवता लेकीच्या मागं जाऊन उभी राहिली. "शालू," ती हळूच म्हणाली. घरातलं, लाडाचं नाव. काही नाही. "शालू, ऊठ बाळा." ते हसू तसंच.

स्वरूपानं डोळे उघडले. "टीचर, तिला हात लावायला लागतंय," ती म्हणाली, जणू हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. "नुसतं बोलून ती उठत न्हाय."

केतकीनं खांद्याला हात लावला. पोर वळली, गोड हसली.

वसुधाबाई उठून जवळ आल्या होत्या. त्यांनी 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. म्हणाल्या, "वर्ग मी बघते. तू हिला घेऊन घरी जा. आणि रडायचं असेल तर रस्त्यात रड, घरात नको. घरात तुला बोलायला लागेल."

केतकी रडली नाही. वाटभर ती हिशेब लावत राहिली. टीव्हीच्या काचेला नाक लावून बसणं. सतत 'आं?' म्हणणं. दर पावसाळ्यात लांबणारी सर्दी. सगळं दिसलं होतं तिला, एकूण एक. तिनं प्रत्येकाला एक शहाणं नाव देऊन ठेवलं होतं, एवढंच.

घरी चारही माग धडधडत होते. तिनं सिद्धेशच्या समोर जाऊन दोन्ही तळवे आडवे धरले: बंद करा. सिद्धेशनं भुवया उंचावल्या. भर कामाच्या वेळेला? तिनं पुन्हा तळवे आडवे धरले. तिच्या तोंडाकडे बघून त्यानं खटके खाली ओढले. एकेक माग थांबत गेला. ताराबाई धावत आल्या. "करंट गेला काय रं?"

"गेला नाही आई, मी थांबवायला सांगितलं," केतकी म्हणाली. शाल्मली सुताच्या ढिगाशी पाठमोरी बसून कांड्या लावत होती. "अहो, तिला हाक मारा. इथूनच. हात लावायचा नाही."

सिद्धेश घुटमळला. त्या घरात असली हाक मारायची कुणाला सवयच नव्हती. "शाल्मली," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "शालू!" पोर कांड्या लावत राहिली. त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि मग असा ओरडला की समोरच्या घरातली बाई दारात आली. तेव्हा शाल्मली वळली. बाबांना बघून हसली आणि विचारलं, "आं?"

"आमच्या घरान्यात कोन भैरं न्हाय!" ताराबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज खाली आला होता. त्या नातीपाशी जाऊन बसल्या, तिचे केस कानामागं सारत राहिल्या. "आनि मी म्हनतोय तीन भाषा झाल्या म्हनून. एक तरी धड कानात शिरली का गं तुज्या?"

"बालवाडीत नाही, दवाखान्यात न्यायचं तिला," केतकी म्हणाली. "उद्याच."

"उद्या कशाला," सिद्धेश म्हणाला, "आताच गाडी काढतो." त्या दिवशी माग पुन्हा सुरू झाले नाहीत.

कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, दोन्ही पडद्यांच्या मागं पाणी साठलंय. सर्दी मुरत गेली की होतं असं मुलांना. "विहिरीत बुडी मारल्यावर वरचं बोलणं कसं ऐकू येतं? तसं हिला येतंय. पोर हुशार आहे, डोळ्यांनी काम भागवलं तिनं. औषधं देऊन बघू, नाहीतर छोटं ऑपरेशन. घाबरू नका, पण आणखी उशीरही करू नका."

औषधांनी पाणी उतरलं नाही, ऑपरेशन करावं लागलं. तोवर केतकी हातावर हात ठेवून बसली नाही. शाल्मली पहिल्या बाकावर आली, शाळेच्या खिडकीपलीकडे, गल्लीत चालणाऱ्या मागांच्या आवाजापासून लांब. फळ्याकडे तोंड करून बोलणं केतकीनं सोडलं. आणि साडीचा पडदा वर्गात कायमचा राहिला. नवा शब्द आला की आधी हात, चित्र, कांडी. तो रुळला की पडद्याआडून नुसता आवाज. कुणाला शब्द आला आणि कुणाला फक्त शेजारी आला, हे आता तिला कळायला लागलं. हात तिनं टाकले नाहीत. ते खिशात कधी घालायचे, एवढं शिकली.

ऑपरेशननंतर शाल्मली घरी आली, जिन्याशी थबकली आणि दोन्ही कानांवर हात ठेवून रडायलाच लागली. "आई, घरात लई आवाज येतोय!"

ताराबाईंनी पदर डोळ्याला लावला. "येऊ दे बाई, येऊ दे."

पुढं बोलणं एकदम आलं असं नाही. मराठीतला बोबडेपणा जायला वेळ लागला, इंग्रजीला आणखी. पण एके दिवशी मधल्या सुट्टीत स्वरूपा जुन्या सवयीनं तिच्या तोंडाशी तोंड नेऊन काहीतरी ओरडत होती. शाल्मलीनं तिला हातानं बाजूला सारलं आणि खणखणीत म्हणाली, "स्वरूपा, डोन्ट शाऊट!"

वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं स्वरूपा.

आता दर जूनमध्ये पालकांच्या पहिल्या बैठकीत केतकी इंग्रजीबद्दल नंतर बोलते. आधी एक काम सांगते, आणि हे वाचणाऱ्यांनाही तिचं तेच सांगणं आहे. तुमच्या घरात, शेजारात किंवा वर्गात एखादं गप्प, गोड हसणारं मूल असेल. सगळ्यांसारखंच करणारं, फक्त जरा मागून. त्याला आज घरातले सगळे आवाज बंद करून, पाठमोरं असताना, हात न लावता हळूच हाक मारून बघा. ते वळलं तर उत्तमच. पण हाक मारून बघा.