भीतीवरचा पाव आणि नाकातला फवारा

मी एक जुना स्टीलचा ट्रे आहे. मित्रांनो, जन्म माझा मोन्तेरे शहरातल्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं दूर पुएब्ला शहरातल्या एका इस्पितळात, शस्त्रक्रियेआधीच्या खोलीत. एके काळी नर्सेस माझ्यात तोंड बघून टोपी नीट करायच्या. आता मला पोचे पडलेत, नव्या ट्रेंखाली पडून असतो. तेव्हापासून सवयच लागली: सगळ्यांवर नजर ठेवायची, कुणावर पटकन विश्वास टाकायचा नाही.

म्हणून त्या सकाळी ओदिलिया नर्सने मला तळातून काढून खाटेशेजारी आणलं आणि माझ्यावर सुई नसलेली सिरिंज ठेवली, तेव्हा मला शंका आलीच. म्हणे औषध नाकात फवारायचं, भीती कमी होते. चाळीस वर्षं मी सुया वाहिल्या. नुसत्या फवाऱ्याने काय होणार?

खाटेवरच्या नोएमीलाही तेच वाटत होतं. तिच्या स्तनातली कर्करोगाची गाठ नऊ वाजता काढायची होती. घरी चार वर्षांची मुलगी.

"नाकातून? मला गुंगवून भलत्याच कागदावर सही घ्याल."

"सही कालच झाली, राणी. आता फक्त नाक हवंय," ओदिलिया हसली.

"आमच्या वेळी नव्हती असली थेरं," शेजारी बसलेली त्रान्सितो मावशी पुटपुटली आणि तिने हातातली पिशवी हळूच शालीआड सरकवली. मी पाहिलं. नोएमीच्या गाऊनवर पावाचा चुरा होता. आमच्याकडे माणूस घाबरलं की त्याला पावाचा तुकडा खायला घालतात. पण भूल दिल्यावर पोटातलं अन्न श्वासनळीत गेलं तर? मला बोलता येत नाही, मित्रांनो.

ओदिलिया फवारा नाकाजवळ नेता नेता थांबली. "सकाळपासून काही खाल्लंस?"

"छे, काही नाही," मावशीच म्हणाली.

"मावशी, मी तिला विचारलं."

नोएमीने माझी कड घट्ट धरली. या तारखेसाठी तिने तीन महिने वाट पाहिली होती.

"मी रागावणार नाही," ओदिलिया म्हणाली. "पण खोटं बोललीस, तर तुझ्या मुलीला मी काय सांगू?"

"पाव... अर्धा. सात वाजता."

"अर्ध्या पावाने कुणी मरतं का!" मावशी उसळली.

"मरतं, मावशी."

पोट रिकामं व्हावं म्हणून डॉक्टरांनी नोएमीला दुपारी दोनला, सगळ्यात शेवटी ठेवलं. सव्वा वाजता ओदिलिया पुन्हा आली. "चुरचुरेल थोडं." या वेळी नोएमीने माझी कड धरून स्वतःच मान मागे टाकली. मी डोळा ठेवूनच होतो. वीस-पंचवीस मिनिटांनी तिची बोटं एकेक करून माझ्या कडेवरून सुटली. मावशीने घाबरून तिच्या नाकाखाली तळहात धरला.

"आहे मी, मावशी," नोएमी डोळे मिटूनच म्हणाली. "स्वस्थ बस ना जरा."

मित्रांनो, त्या फवाऱ्यावर माझी नजर अजूनही असते, तो माझा स्वभावच आहे. मला घासा, पुसा, नाहीतर तळाशी टाका. पण घाबरलेल्या माणसाला आधी शांतपणे विचारा. आणि घाबरलेले तुम्ही असाल, तर पोटात काय आहे ते सांगून टाका. रागावणारे रागावू देत. तुम्हाला परत घरी जायचंय.